औषधानं थांबते आणि पुन्हा लागते: गोठ्यातली जुनी हगवण कशी शोधायची

पडघ्याजवळ आमचा गोठा आहे. दावणीला १४ संकरित गाई, ३ मुऱ्हा म्हशी आणि २ गावठी गाई. दूध कल्याणला जातं. मी डॉक्टर नाही. पण ११ वर्षांपूर्वी एक गाय डोळ्यांदेखत वाळून गेली, आणि तेव्हापासून या एका दुखण्याचा, जोन्स नावाच्या जुन्या हगवणीचा, मी पिच्छा सोडलेला नाही. स्वतःच्या गोठ्यात आणि भिवंडी, शहापूर, मुरबाडच्या ओळखीच्या गोठ्यांत मिळून तेच दुखणं इतक्या वेळा पाहिलंय, की आता फोनवर पहिली दोन वाक्यं ऐकली तरी पुढचं तिसरं कळतं. "ताई, औषध दिलं की थांबते, आठ दिवसांनी पुन्हा सुरू." हे सगळं त्या फोन करणाऱ्यांसाठी लिहितेय.

लक्षणं

यातलं निम्मं जरी जुळत असेल तर पुढं वाचा.

- शेण तीन आठवड्यांहून जास्त काळ पातळ आहे. मध्ये आठ-दहा दिवस घट्ट होतं, पुन्हा सुटतं.
- शेण सगळं सारखंच पातळ, वरणासारखं. रक्त नाही, शेंबूड नाही, जनावर कुंथत नाही. शेपटी आणि मागचे पाय कायम माखलेले.
- ताप नाही.
- खाते. हेच सगळ्यात फसवं आहे. गव्हाण चाटून साफ करते, आणि तरी कमरेची हाडं रोज थोडी थोडी वर येतात.
- दूध मागच्या वेतापेक्षा कमी. पुष्कळदा दूध आधी घटतं आणि शेण नंतर सुटतं.
- जबड्याखाली मऊ सूज, बोटानं दाबली तर खळगा राहतो.
- एकालाच झालंय. शेजारची, त्याच गव्हाणीत खाणारी, ठणठणीत आहे.
- वय बहुतेक दोन ते सहा वर्षं, आणि सुरुवात व्यायल्यानंतरच्या काही आठवड्यांत.

तीन-चार जनावरांना एकाच वेळी, एका रात्रीत लागली असेल तर ते दुखणं वेगळं. त्यासाठी हे वाचत बसू नका, डॉक्टरांना बोलवा.

पहिली तपासणी: गव्हाण (खर्च काहीच नाही)

आधी खाणं बघा. आपल्याकडं जूनच्या शेवटी कोवळं गवत सुरू होतं तेव्हा निम्मा गोठा पातळ शेण टाकतो. पेंढा वाढवला की आठवड्यात बसतं. शहरालगतच्या तबेल्यांत कारण वेगळं असतं. घणसोलीकडचे एक ओळखीचे तबेलेवाले वाशीच्या मार्केटातून कोबी-फ्लॉवरचा पाला आणायचे, आणि सोबत बेकरीतले शिळे पाव. पाव, शिळा भात, पोळ्या पोटात गेल्या की आंबतात, पोटातलं आम्ल वाढतं, शेण आंबट वासाचं, फेसाळ आणि राखाडी होतं. त्यांच्या म्हशींना दोन महिने औषधं चालू होती. पाव बंद केला आणि पाचव्या दिवशी शेणाला आकार आला.

म्हणून सात दिवस एवढंच करा: भाताचा कोरडा पेंढा पोटभर, ओला चारा निम्मा, खुराक निम्मा, पाव-भात-मार्केटचा पाला पूर्ण बंद. शेण सुधारलं तर दुखणं गव्हाणीत होतं. खाणं सुधारूनही शेण तसंच राहिलं, तर तुम्ही एक मोठं कारण फुकटात बाजूला काढलंत. पेंढा वासाला कुबट येत असेल, बुरशीचे काळे-पांढरे डाग असतील, तर तो चाचणीसाठीही वापरू नका.

दुसरी तपासणी: थर्मामीटर, डोळे आणि जबडा

जनावराचा थर्मामीटर घरात हवाच. गुदद्वारात दोन मिनिटं ठेवा. निरोगी गाईचा ताप साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट येतो. १०३ च्या वर गेला तर ही जुनी हगवण नव्हे, काहीतरी ताजं आणि जोरात आलेलं आहे. त्याच दिवशी डॉक्टर.

मग डोळ्याची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघा. आत गुलाबी असेल तर बरं. पांढुरका असेल तर रक्त कमी झालंय, आणि आपल्या भातपट्ट्यात याचा पहिला संशयित म्हणजे चपटे कृमी. जबड्याखालची सूज कृमींत आणि जोन्समध्ये, दोन्ही दुखण्यांत येते, म्हणून नुसत्या सुजेवरून काही ठरवू नका. सूज आणि पांढऱ्या पापण्या एकत्र दिसल्या तर माझं बोट आधी कृमींकडं जातं. सूज आहे पण पापण्या अजून गुलाबी आहेत, खाणं उत्तम आहे, तर मला काळजी वाटू लागते.

तिसरी तपासणी: शेण दवाखान्यात द्या, आणि तोंडानं सांगा

खर्च अगदी थोडा. तरी दहापैकी आठ जण ही पायरी गाळतात आणि दुकानातून जंताचं औषध आणून पाजतात. ते का चुकतं ते सांगते.

भातखाचरात, ओढ्याकाठी, साचलेल्या पाण्यात बारीक गोगलगाई असतात. लिव्हर फ्ल्यूक म्हणजे यकृतातला चपटा कृमी, त्याची पिल्लं या गोगलगाईत वाढतात आणि तिथून बाहेर पडून पाण्याकाठच्या गवतावर चिकटून बसतात. गाय ते गवत खाते. भात कापल्यावर आपण जनावरं खाचरात सोडतो, आणि बांधालगतचं ओलं गवत ती आधी खातात. पोटातला दुसरा चपटा कृमी असतो, गुलाबीसर, मक्याच्या दाण्याएवढा. त्याची पिल्लं आतड्यात असताना घाण वासाची जबर हगवण लावतात. पावसाळा संपताना आणि हिवाळ्याच्या तोंडावर हे सगळं वर येतं.

आता मुद्दा. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन या चपट्या कृमींवर काम करत नाही. अल्बेंडाझोल यकृतातल्या मोठ्या कृमींवर थोडंफार चालतं, पिल्लांवर नाही, आणि गाभणपणाच्या पहिल्या महिन्यांत ते देऊ नये. मोठ्या कृमींवर आणि पोटातल्या चपट्यांवर ऑक्सिक्लोझानाइड देतात, यकृतातल्या लहान पिल्लांवर ट्रायक्लाबेंडाझोल. कोणतं, किती आणि गाभण-दुभत्याला चालेल का, हे डॉक्टरच ठरवतील. कारण दूध किती दिवस विकायचं नाही, हे प्रत्येक औषधाचं वेगळं असतं.

शेण देताना "चपट्या कृमींची अंडी बघा" असं तोंडानं सांगा. मिठाच्या पाण्यात अंडी तरंगवून बघायची नेहमीची पद्धत आहे, तिच्यात ही जड अंडी तरंगतच नाहीत. त्यांच्यासाठी शेण पाण्यात कालवून खाली बसलेला गाळ बघावा लागतो. मला हे कळलं नव्हतं तोवर दोनदा "जंत नाहीत" असा कागद घेऊन आनंदानं घरी आले होते.

नमुना जमिनीवरून उचलू नका. हातमोजा घालून थेट गुदद्वारातून, बोरा-दोन बोरांएवढं, झाकणाच्या स्वच्छ बाटलीत. वर जनावराचा कानातला बिल्ला क्रमांक आणि तारीख. उन्हात ठेवू नका, बर्फाच्या पिशवीत न्या, पण गोठवू नका.

डोस नजरेनं ठरवू नका. कमी डोसानं कृमी मरत नाहीत, आणि औषधाला सरावतात. वजनकाटा नसला तर शिंप्याची टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे आलं किलोत वजन. घेर ७० आणि लांबी ५८ असेल तर ४३० किलोच्या आसपास. हीच गाय आमचे शेजारी काका ३०० ची धरून औषध देत होते.

योग्य औषध, योग्य डोस, आणि दोन-तीन आठवडे वाट. शेण बांधलं, अंगावर तकाकी आली, तर इथंच थांबा. बहुतेकांचं काम इथं होतं.

चौथी तपासणी: वही

इथवर येऊनही गाय पातळच टाकतेय, तर वही काढा. वही नसेल तर घरातल्या सगळ्यांना बसवून आठवा आणि लिहा. ही गाय घरची की विकतची? विकतची असेल तर कुठून, कितव्या वेताची? घरची असेल तर तिची आई कोण, आणि ती कशानं गेली? ही वासरू होती तेव्हा दावणीला कोण आजारी होतं? तिला कुणाचं दूध पाजलं?

शेवटचे दोन प्रश्न विचित्र वाटतील. मलाही वाटले होते, म्हणून आमची हकीकत सांगते.

कबरी आम्ही बाजारातून दलालामार्फत घेतली होती, दुसऱ्या वेताची, १६ लिटरची. दिवाळीत आली, संक्रांतीनंतर शेण सुटलं. सासूबाईंनी डाळिंबाची साल आणि बेलफळ दिलं, चार दिवस थांबलं. मग इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, दर वेळी आठवडाभर बरं. अँटिबायोटिक चालू असताना दूध विकू नका असं डॉक्टरांनी सांगितलं, ते आम्ही पाळलं. पण सहा-सात लिटर दूध रोज ओतून द्यायला जीव होईना. ते मी वासरांना पाजलं. चार कालवडी होत्या, पाच-सहा आठवडे प्यायल्या. कबरी त्या पावसाळ्यात गेली, शेवटपर्यंत खात होती.

तीन वर्षांनी त्या चारपैकी दोघी पहिल्या वेताला व्यायल्या आणि महिन्याभरात दोघींचं शेण वरणासारखं झालं. तोच वास, तीच भूक, तीच वर आलेली हाडं. डॉक्टरांनी शेणाचा नमुना पाठवला, काचेवर लाल काड्यांचे (रंगवल्यावर जंतू तसे दिसतात) पुंजके दिसले. मग त्यांनी मला विचारलं, "या वासरं असताना काय प्यायल्या होत्या?" मी वहीतलं ते पान उघडलं आणि तिथंच बसले.

नाव आणि कारण

आपल्याकडचे डॉक्टर या रोगाला जोन्स म्हणतात. १८९५ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनला योने नावाच्या पशुवैद्यकानं एका सहकाऱ्याबरोबर तो पहिल्यांदा मांडला, त्यावरून नाव. कागदावर पॅराट्यूबरक्युलोसिस असं येईल. जंतू क्षयाच्या जंतूच्या भावकीतला आहे, मायकोबॅक्टेरियम एव्हियम पॅराट्यूबरक्युलोसिस. तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात घर करतो. आतड्याची भिंत जाड होते, आतून वळकट्या पडतात, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. उलट रक्तातली प्रथिनं आतड्यातून झिरपून जातात, म्हणून जबड्याखाली पाणी साचतं. गाय पोटभर खाऊन उपाशी मरते, ती अशी.

गोठेवाल्यानं एक गोष्ट कायम ध्यानात ठेवायची: रोग दिसतो गाईत, पण लागतो वासरात. पहिल्या काही महिन्यांत, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत, शेणानं माखलेल्या सडातून, चिकातून, दुधातून, पाण्यातून जंतू पोटात जातो. कधी आईच्या पोटातच. मग दोन, चार, पाच वर्षं काहीच दिसत नाही. मोठ्या जनावराला नव्यानं लागण व्हायची शक्यता खूप कमी. म्हणून आजारी गाईच्या उशाशी बसून बाटल्या चढवणं म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वीच्या चुकीवर पैसे खर्च करणं, आणि त्याच वेळी पलीकडच्या वासरांच्या खोप्यात पुढची चूक घडत असते.

एक उघड आजारी गाय म्हणजे कळपात वरून निरोगी दिसणारी, पण लागण झालेली आणखी जनावरं असणार, असंच धरून चाला. परदेशातल्या मोठ्या कळपांवरून पशुवैद्यक एकामागं १५ ते २५ चा आडाखा सांगतात. आपला गोठाच तेवढा नसतो, म्हणून मी सरळ सगळ्यांना संशयित धरते.

पाचवी तपासणी: जोन्सच्या चाचण्या

इथून पुढं डॉक्टरांशिवाय काही करू नका. नमुने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही सल्ला मिळतो.

शेणाची काच रंगवून बघणं सगळ्यात स्वस्त. लाल काड्यांचे पुंजके दिसले तर संशय पक्का होत जातो. नाही दिसले तर काहीच सिद्ध होत नाही, कारण जंतू रोज सारखे पडत नाहीत. रक्तातली किंवा दुधातली प्रतिद्रव्यं शोधणारी एलायझा चाचणी उघड आजारी गाईत बऱ्यापैकी सापडवते, पण वरून निरोगी दिसणाऱ्या गाईंत पुष्कळ निसटतात. दोन वर्षांखालच्या कालवडीचं रक्त तपासून "निगेटिव्ह" आलं तर त्याला फारसा अर्थ नाही. शेणातला जंतूचा डीएनए शोधणारी पीसीआर जास्त बारीक पकडते, महागही पडते. जंतू वाढवून बघायची चाचणी सगळ्यांत खात्रीची मानत, पण तो इतका सावकाश वाढतो की दोन ते चार महिने लागतात. क्षयाची चामडीतली चाचणी नुकतीच झाली असेल तर आधी सांगा, तिच्यामुळं रक्ताचा निकाल चुकू शकतो.

पैसे मोजकेच असतील तर माझं मत असं: आधी हगवण असलेल्या गाईची पक्की चाचणी करा. ती पॉझिटिव्ह आली तर दोन वर्षांवरच्या सगळ्यांची वर्षातून एकदा एलायझा. आम्ही ती दिवाळीनंतर करतो, पुढच्या गाभण गाईंचं नियोजन करायच्या आधी.

पॉझिटिव्ह आली. आता?

आधी जे कुणी तोंडावर सांगत नाही ते सांगते: यावर परवडणारा, बरं करणारा उपचार नाही. अँटिबायोटिकनं आठवडाभर शेण बांधेल, जंतू जाणार नाही. ज्यांनी मला हे वेळेवर सांगितलं नाही त्यांच्यावर माझा राग नाही, पण कबरीवर घातलेल्या पैशात वासरांचा खोपा दोनदा बांधून झाला असता.

त्या गाईला दावणीच्या त्या टोकाला बांधा जिकडं गोठ्याचं पाणी वाहत जातं, म्हणजे तिचं शेण-मूत दुसऱ्या कुणाच्या पायाखालून जाणार नाही. तिचं काम सगळ्यात शेवटी. पुन्हा गाभण करू नका, तिच्या पोटातल्या वासराला आतच लागण व्हायची शक्यता खरी असते. तिचं दूध विकू नका आणि वासरांना तर थेंबभरही नको.

विकू नका. मला माहीत आहे हे लिहायला सोपं आणि करायला जड आहे. २००९ च्या केंद्रीय कायद्यात सांसर्गिक रोगांच्या यादीत पॅराट्यूबरक्युलोसिस आहे, तेव्हा डॉक्टरांना आणि पंचायतीला कळवणं, जनावर वेगळं ठेवणं ही आपली जबाबदारी आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, कुणीतरी कबरी अशीच बाजारात आणली होती, म्हणून ती माझ्या दावणीला आली. परदेशी पुस्तकांत कत्तलखान्याचा सल्ला असतो. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, तेव्हा गाईच्या बाबतीत तो मार्गच नाही. म्हशींचे नियम वेगळे आहेत, ते डॉक्टरांना विचारा. गोशाळेत द्यायची असेल तर रोगाचं नाव सांगून द्या, तिथंही वासरं असतात.

शेणाचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. सावलीत, ओलीत हा जंतू वर्षभरही तग धरतो. त्या शेणाचं खत चाऱ्याच्या वाफ्यात, मका-नेपियरला घालू नका. गोबरगॅसची स्लरीही चाऱ्याला नको. आमच्याकडं ते शेण उन्हात पातळ पसरून खडखडीत वाळवतो आणि पावसाळ्याआधी भाताच्या राबात, म्हणजे रोपांसाठी भाजायच्या जागेत, जाळतो. राब आपण भाजतोच, त्यात हे जाणं सगळ्यात चांगलं.

खरं काम: वासरांचा खोपा

सगळ्यात अवघड पायरी हीच, कारण ती एकदा करून संपत नाही. इथं कंटाळा केलात तर आधीच्या सगळ्या चाचण्या वाया.

व्यायला वेगळी, कोरडी, झाडलेली जागा. आजारी जनावर जिथं बांधलं होतं तिथं नाही. व्यायच्या आधी कास, सड, मागचा भाग धुवून पुसून घ्या. वासरू पडलं की पुसून लगेच स्वच्छ खोप्यात, आईच्या मागं शेणात धडपडत ठेवू नका.

चीक पहिल्या दोन तासांत गेलाच पाहिजे, साधारण दोन लिटर, आणि बारा तासांत पुन्हा तेवढाच. वासराचं आतडं चिकातली रोगप्रतिकारक द्रव्यं पहिल्या दिवसातच आत घेतं, नंतर ते दार बंद होतं. रोगाच्या भीतीनं चीकच बंद केलात तर वासरू दुसऱ्याच कशानं मरेल. आईवर संशय असेल तर तपासलेल्या, निरोगी, जुन्या गाईचा चीक वापरा. आम्ही एक-एक लिटरच्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेवतो आणि लागेल तेव्हा कोमट पाण्यात वितळवतो. एकाच गाईचा चीक एका वासराला. पाच गाईंचा एकत्र केलात की एकीचा रोग पाचांत जातो. गोठवून जंतू मरत नाही, हेही लक्षात ठेवा.

चीक उकळून का देत नाही, असं विचारतात. उकळला की त्याचा खरवस होतो, आणि ती द्रव्यं मरतात. गरम पाण्याच्या पातेल्यात भांडं ठेवून ६० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवला तर जंतू बहुतेक मरतात आणि चिकाचं काम टिकतं. थर्मामीटर नसेल तर या वाटेला जाऊ नका, ६३-६४ च्या पुढं गेलं की घट्ट होऊ लागतं.

चिकानंतरचं दूध मात्र उकळा, अंगाइतकं कोमट करा आणि पाजा. आमच्याकडं वासरांना कच्चं दूध पूर्ण बंद आहे. घरातही कच्चं दूध कुणी पीत नाही. माणसाच्या आतड्याच्या क्रोन्स आजाराशी या जंतूचा संबंध आहे का यावर संशोधकांत अजून वाद चालू आहे, आणि दूध उकळायला तर काहीच लागत नाही.

म्हशीवाल्यांची अडचण खरी आहे. पारडू लावल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. तिथं निदान सड आणि कास आधी धुवा, पारडू मिनिटभर लावून बाजूला घ्या. पहिलटकरीला सुरुवातीपासून पारडाशिवाय, समोर खुराक ठेवून आणि कास चोळून पान्हा सोडायची सवय लावली तर पुढची वेतं सोपी जातात. तिसऱ्या वेताच्या म्हशीची सवय मोडायला जाऊ नका, दूध चोरते.

खोपा गोठ्याच्या चढाच्या बाजूला हवा. आपल्या पावसात हे फार मोठं आहे. जुलैत गोठ्याचं पाणी ज्या दिशेनं धावतं तिथं वासरं बांधलेली मी अजून बघते. वासरांचं पाणी वेगळं, गव्हाण वेगळी, घमेलं-फावडं वेगळं. आम्ही वासरांच्या घमेल्याला लाल रंग दिलाय, म्हणजे मुलंही चुकत नाहीत. सकाळी आधी वासरांचं काम, मग गाईंचं, उलटं कधीच नाही. गाईंच्या गव्हाणीतला उरलेला चारा वासरांना टाकायचा नाही. निदान सहा महिने, जमलं तर वर्षभर हे पाळायचं. शेळ्या असतील तर त्याही वासरांपासून लांब. त्यांना हा रोग होतो, आणि बऱ्याचदा हगवण न लागता त्या नुसत्या वाळत जातात, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही.

जंतुनाशक शेणावर ओतून उपयोग नाही. आधी खरवडा, धुवा, ऊन लागू द्या, मग क्षयाच्या जंतूवर चालणारं जंतुनाशक डॉक्टरांकडून लिहून घेऊन वापरा.

विकत घेताना बाजारात नका घेऊ, विकणाऱ्याच्या गोठ्यात जा. विकायला काढलेली गाय नंतर बघा, आधी त्याच्या म्हाताऱ्या गाई बघा. चार-पाच वेतांच्या धडधाकट गाई दावणीला दिसल्या तर ते रक्ताच्या कागदापेक्षा मोठं प्रमाणपत्र. सगळ्या तरुणच असतील तर विचारा, जुन्या कुठं गेल्या? पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेतून बैल आणता तेव्हाही शेपटीखाली बघा. बैलालाही हाच रोग होतो आणि त्याचं शेण त्याच उकिरड्यावर पडतं.

त्या दोघींनंतर आम्हाला आणखी एक सापडली, चाचणीत, हगवण लागायच्या आधीच. गेली चार वर्षं नवीन नाही. जंतूची सवय बघता चार वर्षं म्हणजे फार नाही, म्हणून वार्षिक चाचणी चालूच आहे.

हात कधी थांबवायचा

घरचा उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा: ताप १०३ च्या वर, शेणात रक्त किंवा आतड्याच्या सालीसारखं काही, खाणं किंवा रवंथ बंद, जनावर बसलं आणि उठत नाही, सातव्या महिन्यापुढची गाभण गाय, किंवा महिन्याच्या आतलं वासरू ज्याचे डोळे खोल गेलेत. वासराला तर तासांचा हिशोब असतो. खाणं बदलून आणि योग्य जंतनाशक देऊन तीन आठवड्यांत फरक नसेल तर तिसरं औषध दुकानातून आणू नका. गावात डॉक्टर पोचत नसतील तर १९६२ वर फिरत्या पथकासाठी फोन करता येतो.

डॉक्टर यायच्या आधी कागदावर एवढं लिहून ठेवा: बिल्ला क्रमांक, वय, कितवं वेत, शेवटची कधी व्यायली, पातळ शेण कधीपासून आणि मध्ये किती वेळा थांबलं, तीन दिवसांचा सकाळ-संध्याकाळचा ताप, आतापर्यंतची सगळी औषधं रिकाम्या बाटल्यांसकट, गाय कुठून आली, आणि तिच्या आईचं नाव. शेण आधीच काढून ठेवू नका, ताजं त्यांच्यासमोरच घ्या.